सांगणं आणि तपासणं : एआय कोडिंग सहायकांची पार्श्वभूमी

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या हिशेबाचा छोटा प्रोग्राम करायला दिला, तर जळगावचे विद्यार्थी आज पहिली ओळसुद्धा एआयकडून लिहून घेतात. सवय नवी आहे, पण तिच्यामागची वाट सत्तर वर्षांची आहे.

१९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी ए-० हा कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, केला आणि १९५७ मध्ये आयबीएमची फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा आली. यंत्राच्या आकडेभाषेऐवजी गणिती सूत्रांसारख्या ओळी लिहिता येऊ लागल्या. नव्वदच्या दशकात कोड लिहायचे एडिटर अर्धवट शब्द पुरे करू लागले. २००८ पासून स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर तयार उत्तरं मिळू लागली.

खरं वळण आलं २०२१ मध्ये. जूनमध्ये गिटहब कोपायलट हा कोड सुचवणारा एआय सहायक चाचणीसाठी खुला झाला. त्यामागचं ओपनएआयचं कोडेक्स मॉडेल गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरच्या सार्वजनिक कोडवर शिकलेलं होतं. त्याच्या कुळातलं मूळ मॉडेल १६४ प्रश्नांच्या चाचणीत पहिल्या प्रयत्नात २८.८ टक्के प्रश्न सोडवत होतं. प्रत्येक प्रश्नाची शंभर उत्तरं काढली, तर ७०.२ टक्के प्रश्नांचं निदान एक तरी उत्तर बरोबर निघे. मला हाच आकडा सगळ्यांत बोलका वाटतो, कारण त्या शंभरातलं बरोबर कोणतं, हे आधीच लिहून ठेवलेल्या चाचण्या, म्हणजे कोड चालवून उत्तर तपासणारे छोटे प्रोग्राम, ठरवत होत्या.

त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी कोपायलटचे १,६८९ प्रोग्राम तपासले. सुमारे ४० टक्क्यांत सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या. साधनं पुढे बरीच सुधारली, स्वतः फायली उघडून बदल करू लागली. तरीही २०२५ मध्ये मेटर या संस्थेनं १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांवर काम दिलं, तेव्हा एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र २० टक्के वेळ वाचल्यासारखा वाटला होता.

आता केळीचंच घ्या. घडाचा दांडा वजनात धरायचा की वजा करायचा, हे व्यवहारात ठरतं. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय ते कळत नाही, आणि आपण सांगितलं नाही तर सहायक स्वतःच काहीतरी गृहीत धरून नीटनेटका कोड देतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी तीन जुन्या हिशेबपट्ट्या आणायला सांगते. त्यांची रक्कम हातानं काढायची, दांड्याचा नियम मराठीतच स्वच्छ लिहायचा आणि मगच एआयकडे जायचं. तिन्ही रकमा जुळल्या, की पुढचं काम.