बी-फ्लायची नवी जात ठरते कशी?

फुलासमोर हवेत एका जागी थबकलेला, केसाळ अंगाचा, सोंड ताठ पुढे काढलेला कीटक दिसला की बहुतेक जण त्याला मधमाशीच समजतात. पंख मोजले की उलगडा होतो. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, याला एकच. मागच्या जोडीच्या जागी असतात दोन बारीक गुंड्या, उडताना तोल सांभाळणारे संतोलक. म्हणजे ही माशी आहे. तिचं कुल बॉम्बिलिडी आणि रूढ नाव बी-फ्लाय. या कुलातल्या साडेचार हजारांहून अधिक जातींना आजवर नावं मिळाली आहेत आणि अजूनही भर पडते आहे.

पण एखादी बी-फ्लाय ओळखीची वाटत नाही, एवढ्यावरून ती नवी ठरत नाही. या माश्या फसवतात, आणि पहिली फसगत आकाराची. एकाच जातीतली एक माशी दुसरीपेक्षा बरीच लहान असू शकते. याचं कारण तिच्या बालपणात आहे, आणि ते मुळातून पाहण्यासारखं आहे.

बॉम्बिलियस या प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) मादी आधी सैल मातीवर पोटाचं टोक टेकवून थरथरवते. टोकाशी एक छोटी पिशवी असते, तिच्यात बारीक माती भरून घेते. मग जमिनीत एकट्याने बीळ करून राहणाऱ्या मधमाशीच्या दारासमोर ती हवेत तरंगत राहते आणि पोटाला झटका देऊन मातीत घोळलेलं अंडं बिळाच्या तोंडाशी भिरकावते. अंड्यातून निघालेली अळी चपळ असते. ती सरपटत बिळातल्या कोठडीपर्यंत पोचते आणि मधमाशीची अळी पुरेशी वाढेपर्यंत थांबते. मग कात टाकून ती जाड, सुस्त रूप घेते आणि यजमान अळीला शोषून फस्त करते. एका माशीच्या वाट्याला एकच यजमान. तो लहान निघाला की माशीही लहानच होणार. त्यामुळे ‘इतर जातींपेक्षा लहान’ या वर्णनावर नवी जात उभी राहत नाही.

दुसरी फसगत केसांची. या माश्यांचा रंग बराचसा अंगावरच्या केसांचा आणि खवल्यांचा असतो. उडून उडून ते झडतात. मग ताजी माशी सोनेरी आणि जुनी काळपट, टक्कल पडलेली दिसते. शिवाय बऱ्याच जातींत नराचे डोळे कपाळावर एकमेकांना जवळजवळ भिडलेले असतात, तर मादीच्या डोळ्यांमध्ये अंतर असतं. कीटकशास्त्रात नर आणि मादीला वेगळ्या जाती समजून दोन नावं दिल्याची उदाहरणं कमी नाहीत. असं उघडकीला आलं की आधीचं नाव टिकतं आणि नंतरचं रद्द होतं.

मग भरवसा कशावर ठेवायचा? पंखांवर बराच. बॉम्बिलियस मेजर या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने 1758 मध्ये नाव दिलेल्या जातीच्या पंखाचा पुढचा भाग गडद तपकिरी असतो आणि त्याची कड स्पष्ट दिसते. बॉम्बिलियस डिस्कलर या जवळच्या जातीच्या पंखांवर सुटे ठिपके असतात. त्यापुढे शिरांची जाळी येते: कुठली आडवी शीर कुठे जोडली गेली आहे, शिरांमध्ये किती खण तयार झाले आहेत. मिशांच्या शेवटच्या भागाचा आकार, सोंडेची लांबी, चेहऱ्यावरच्या केसांचा रंग हेही पाहिलं जातं.

खरा निकाल मात्र अनेकदा नराच्या पोटाच्या टोकाशी लागतो. ते टोक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. मऊ मांस विरघळतं आणि जननेंद्रियांचे कडक भाग उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे हुकासारखे आकडे आणि कंगोरे दिसतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन माश्या इथे वेगळ्या निघू शकतात. हे भाग पुढे ग्लिसरिनच्या इवल्याशा कुपीत घालून माशीच्याच टाचणीला खाली खोचून ठेवतात. माशी कोरडी टाचलेली असते, कारण अल्कोहोलमध्ये तिचे केस चिकटून त्यांचा रंग आणि ठेवण कळेनाशी होते. डीएनएसाठी तिचा एखादा पायही पुरतो.

हे सगळं झाल्यावरही जुन्या जातींशी ताडून पाहणं उरतंच, आणि सर्वाधिक वेळ त्यातच जातो असं मला वाटतं. प्रत्येक जातीचं नाव शेवटी एका विशिष्ट नमुन्याला बांधलेलं असतं. त्याला प्ररूप म्हणतात. वर्णनातल्या ओळी संदिग्ध असल्या तरी प्ररूप पुन्हा काढून पाहता येतं. पण शे-दीडशे वर्षांपूर्वीची प्ररूपं वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. नील इव्हनह्यूस आणि डेव्हिड ग्रेटहेड या कीटकशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये जगभरातल्या बी-फ्लायची सूची प्रसिद्ध केली. त्यामुळे कुठलं नाव कुणी, कधी दिलं हे शोधणं पुष्कळ सोपं झालं.

याच इव्हनह्यूस यांनी 2015 मध्ये स्टीफन मार्शल यांच्यासोबत एक नवी जात जाहीर केली आणि कीटकशास्त्रात मोठा वाद पेटला. दक्षिण आफ्रिकेतली ही माशी लाकूड पोखरणाऱ्या सुतार मधमाशीसारखी (शास्त्रीय नाव झायलोकोपा) दिसणारी, म्हणून नाव मार्लेयिमिया झायलोकोपी. वाद नावावरून नव्हता. संग्रहात ठेवलेला एकही नमुना नव्हता, होते ते फक्त फोटो! नामकरणाच्या नियमांनुसार चित्रातला प्राणी प्ररूप ठरू शकतो, तो प्राणी हाताशी नसला तरी. तरीही शेकडो वर्गीकरणतज्ज्ञांनी याला जाहीर विरोध केला. फोटोतल्या माशीचं पोट उघडून पाहता येत नाही, शंका आली तर ती उलटी करून बघता येत नाही. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2017 मध्ये अशी नावं अवैध ठरवली नाहीत, पण नमुना का जतन केला नाही याचं सविस्तर कारण लेखकांनी द्यावं, अशी शिफारस नियमांत घातली.

मला विरोधकांचं म्हणणं जास्त पटतं. बी-फ्लायसारख्या कुलात तर अधिकच, कारण इथे केस, रंग आणि आकार तिन्ही दगा देतात. पण ही माशी इतकी वेगळी होती की फोटोवरूनही ती इतर ज्ञात जातींपैकी नाही हे दाखवता आलं, हेही मान्य करायला हवं. तिची अळी सुतार मधमाशीच्याच घरट्यात वाढते का, हे मात्र कुठल्याही फोटोवरून ठरणार नाही. त्यासाठी घरटं उघडून, त्यातली अळी वाढवून, कोषातून बाहेर येणारी माशी पाहावी लागेल.