रबराला लागणारा वेळ

28 जानेवारी 1986 रोजी फ्लोरिडातून झेपावलेले चॅलेंजर अवकाशयान 73 सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातले सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उजव्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग, म्हणजे फट बंद ठेवणारी गोल कडी, निकामी ठरली, हे अनेकांना ठाऊक असते. ‘थंडीने रबर कडक झाले’ एवढे सांगून आपण पुढे जातो. त्या कडकपणामागचा वेळेचा हिशेब मात्र मागेच राहतो, आणि माझ्या मते पॉलिमर, म्हणजे रबरासारखे लांब रेणूसाखळ्यांचे पदार्थ, समजून घ्यायची सुरुवात तिथूनच करायला हवी.

बूस्टर पेटला की आतल्या दाबाने त्याचे कवच किंचित फुगते आणि सांध्यातली फट एका सेकंदाच्या आत रुंदावते. दाबून बसवलेल्या रिंगने तितक्याच चपळाईने फुलून ती फट बंद ठेवायची असते. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीने ही चपळाई अपघाताआधीच मोजली होती. दोन धातूच्या पृष्ठभागांत रिंग दाबायची, मग एक पृष्ठभाग फट रुंदावते त्या वेगाने मागे घ्यायचा. 38 अंश सेल्सिअसला रिंगचा स्पर्श सुटलाच नाही. 24 अंशांना तो 2.4 सेकंद सुटला. 10 अंशांना दहा मिनिटे वाट पाहूनही रिंग पृष्ठभागापर्यंत पोचली नाही, तेव्हा चाचणीच थांबवली. उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान होते जेमतेम 2 अंश.

असे का होते? रबर म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या लांबलचक रेणूसाखळ्या. दाब काढला की उष्णतेने सतत वळवळणारे साखळ्यांचे तुकडे पुन्हा आपल्या सैल वेटोळ्यांकडे सरकतात. पण गच्च भरलेल्या लोकलमध्ये आजूबाजूचे हलल्याशिवाय आपल्याला हलता येत नाही, तशीच त्यांची गत असते. तापमान उतरते तशी मोकळी जागा आक्रसते आणि पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, म्हणजे शिथिलन काळ, झपाट्याने वाढतो. काचेसारखे घट्ट होण्याच्या तापमानाजवळ तर दहा अंशांच्या फरकाने तो शेकडो पटींनी बदलू शकतो. विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी 1955 मध्ये ही वाढ एका सूत्रात बसवली; अभियंते ते आजही वापरतात.

रिंगच्या व्हायटन जातीच्या रबराची काच होते ती शून्याच्या बरीच खाली. म्हणजे त्या सकाळी रबर गोठलेले नव्हते. सवड मिळाली असती तर ते सावकाश फुललेही असते.

काच बनवणाऱ्या द्रवांचेही असेच असते. थंड होताना त्यांचे रेणू स्फटिकासारखे शिस्तीत न बसता होते तसेच अडकून पडतात. रचना जवळपास द्रवाचीच राहते, हालचाल मात्र थिजते. डांबरासारखा पिच हा पदार्थ हातोडीने फोडला तर त्याचे तुकडे उडतात, कारण घाव बसतो त्या क्षणात रेणूंना सरकायला वेळच नसतो. त्याच पिचने भरलेले एक नरसाळे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात 1930 पासून खालून उघडे ठेवले आहे. 2014 पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले.

अपघातानंतर बूस्टरचा सांधा नव्याने आखला गेला. फट फारशी रुंदावू नये अशी धातूची पकड दिली, तिसरी ओ-रिंग घातली आणि रबर ऊबदार राहावे म्हणून हीटर बसवले. सप्टेंबर 1988 मध्ये डिस्कव्हरी यानाने या नव्या सांध्यांसह उड्डाण केले.