शोर्शतॉलॉन्शाग : कादंबरीतील छळाचे मानवी परिणाम

‘शोर्शतॉलॉन्शाग’ ही हंगेरियन लेखक इम्रे केर्तेस (१९२९–२०१६) यांची १९७५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी असून, तिच्या शीर्षकाचा अर्थ ‘प्राक्तनहीनता’ असा होतो. केर्तेस यांना स्वतःला १९४४ साली, किशोरवयातच, औश्विट्झ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत नेण्यात आले होते. २००२ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९ मार्च १९४४ रोजी जर्मन सैन्याने हंगेरीचा ताबा घेतला. एप्रिलपासून ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले आणि १५ मे ते ९ जुलै या अवघ्या आठ आठवड्यांत सुमारे ४,३७,००० ज्यूंची रेल्वेगाड्यांतून, मुख्यतः औश्विट्झला, रवानगी झाली. कादंबरीचा निवेदक ज्योर्ज कोवेश हा बुडापेस्टमधला चौदा वर्षांचा मुलगा. कामावर जाताना एक पोलीस त्याला बसमधून उतरवून घेतो आणि तेथून त्याचा औश्विट्झ, बुखेनवाल्ड व झाइट्झ या छळछावण्यांतून प्रवास होतो.

छळाचा पहिला घाव मात्र छावणीच्या बराच आधी, राहत्या इमारतीतच बसतो. वरच्या मजल्यावरच्या मुलीने लोकांच्या तिरस्काराचे कारण शोधले आहे : आपल्या आतच काहीतरी वेगळे असले पाहिजे. जन्मतःच दोन बाळांची अदलाबदल झाली असती तर तो तारा दुसऱ्याच मुलीच्या अंगावर आला असता, असे ज्योर्ज तिला समजावू पाहतो. तिला धीर येण्याऐवजी ती रडू लागते; वेगळेपण आपले नसेल, तर आपण सोसतो आहोत त्याला काही अर्थच उरत नाही, हे तिला त्या क्षणी कळते. संपूर्ण कादंबरीत याहून जिव्हारी लागणारा प्रसंग क्वचितच असेल.

छावणीतील ऱ्हास केर्तेस आक्रोश न करता नोंदवतात. घरी म्हातारे व्हायला पन्नास-साठ वर्षे लागतात, येथे तीन महिने पुरले, असे ज्योर्ज आपल्या सुरकुतलेल्या कातडीकडे पाहून म्हणतो. शेजारी झोपलेला मुलगा मरतो, तेव्हा ज्योर्ज ते लपवून ठेवतो आणि त्याच्या वाट्याचे अन्नही घेत राहतो. मरणाच्या दारात पडलेला असताना सुपाचा वास येतो आणि त्याला आणखी थोडे जगावेसे वाटते. सुटकेच्या घोषणा होत असतानाही त्याचे सारे लक्ष त्या दिवशीचे सूप का आले नाही याकडेच असते.

परतल्यावरचे परिणाम अधिक खोल आहेत. ट्राममध्ये तिकीट नाही म्हणून त्याला उतरायला सांगितले जाते. एक पत्रकार त्याचे तिकीट काढतो व घरी परतून काय वाटते असे विचारतो, तेव्हा ज्योर्जचे उत्तर असते : द्वेष. छावणी नरकासारखी होती का, या प्रश्नावर तो म्हणतो की नरक मला माहीत नाही, छावणी माहीत आहे. वडील माउटहाउझेन येथील छळछावणीत मरण पावले असून सावत्र आईने दुसरे लग्न केले आहे, हे त्याला शेजाऱ्यांकडून समजते. हे वृद्ध शेजारी घडलेल्या गोष्टी सांगताना प्रत्येक वेळी ‘आले’ म्हणतात. तारा आला, संकट आले. ज्योर्जला हे क्रियापद मान्य नाही. काही नुसते आले नाही, आपणही पावलापावलाने चालत गेलो, असे तो ठामपणे सांगतो आणि शेजारी संतापतात, कारण त्यांना आपल्यावर दोष आल्यासारखे वाटते. वास्तविक तो दोष देत नसून, हिरावून घेतलेले आयुष्य, जगलेल्या प्रत्येक क्षणासह, स्वतःचे म्हणून परत मागत असतो. सगळे विसरून नव्याने सुरुवात कर, हा सल्ला त्याला म्हणूनच अशक्य वाटतो.

अखेरीस, सख्ख्या आईकडे निघालेल्या त्या मुलाला संध्याकाळच्या उजेडात छावणीतली तीच आवडती वेळ आठवते आणि तिची ओढ लागते. सगळे जण अत्याचारांविषयीच विचारतात. पुन्हा कोणी विचारले, तर तेथल्या सुखाविषयी सांगायला हवे, असे तो ठरवतो.