ग्राफिक डिस्प्ले मोड्यूल : दोषशोधन

मायक्रोकंट्रोलरला (एका चिपमधल्या छोट्या संगणकाला) जोडलेल्या छोट्या ग्राफिक डिस्प्लेवर हवे ते चित्र किंवा अक्षर उमटत नसेल, तर खोट वीजपुरवठ्यात आहे, तारांत आहे की प्रोग्रॅममध्ये, हे टप्प्याटप्प्याने ठरवण्याची पद्धत. विद्यार्थी आणि हौशी लोकांच्या हाती मुख्यतः तीन प्रकारची मोड्यूल येतात : केएस०१०८ किंवा एसटी७९२० नियंत्रकाचा (पडद्याचे बिंदू चालवणाऱ्या चिपचा) १२८ × ६४ बिंदूंचा एलसीडी, एसएसडी१३०६ वर चालणारा ०.९६ इंची ओलेड (स्वतः उजळणाऱ्या बिंदूंचा पडदा) आणि नोकिया ५११० फोनमधला ८४ × ४८ बिंदूंचा पडदा (नियंत्रक पीसीडी८५४४). ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत कोणी माधव इन्स्टिट्यूटमध्ये (स्थापना १९५७) किंवा दुसऱ्या कुठल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकत असेल, तर यांपैकी एखादे मोड्यूल जेवणाच्या टेबलावर ब्रेडबोर्डात (झाळकाम न करता तारा खोचायच्या पाटीत) खोचलेले दिसतेच.

डिस्प्ले चालला नाही की पुन्हा पुन्हा प्रोग्रॅम अपलोड करत बसणे ही सर्वांत सर्रास चूक. प्रोग्रॅमला हात लावण्याआधी पडदा नेमके काय दाखवतो ते पाहावे, कारण बिघाडाची निम्मी ओळख तिथेच पटते. बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) लागला म्हणजे फक्त त्याच्या दोन पिनांना वीज पोचली; नियंत्रक जागा आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. पडदाभर वेडेवाकडे ठिपके विखुरलेले दिसले तर नवखा माणूस घाबरतो, पण ते चांगले लक्षण आहे : ‘डिस्प्ले चालू’ ही आज्ञा पोचली आहे, फक्त चालू होताना मेमरीत असलेला कचरा पुसलेला नाही. केएस०१०८ च्या पडद्यात डावी आणि उजवी बाजू दोन वेगळ्या चिप सांभाळतात, प्रत्येकी ६४ स्तंभ. म्हणून अर्धाच पडदा उमटला किंवा डावे-उजवे अदलाबदल झाले, तर सीएस१ आणि सीएस२ या चिप निवडणाऱ्या दोन तारा पाहाव्यात. काही मोड्यूलांत या पिना हाय (५ व्होल्टवर) केल्यावर चिप निवडली जाते, काहींत लो (शून्यावर) केल्यावर. पिनांचा क्रमही कंपनीगणिक बदलतो. हाती असलेल्या मोड्यूलची डेटाशीट (कंपनीचे माहितीपत्रक) उघडल्याशिवाय एकही तार जोडू नये.

केएस०१०८ मध्ये सर्वांत जास्त वेळ खातो तो कॉन्ट्रास्ट. १६ × २ अक्षरांच्या साध्या एलसीडीची सवय असलेला माणूस प्रीसेटची (पेचकसाने फिरवायच्या बदलत्या रोधाची) दोन टोके ५ व्होल्ट आणि ग्राउंडला लावतो. ग्राफिक पडद्याला तेवढे पुरत नाही. मोड्यूल स्वतःच ऋण व्होल्टेज तयार करते आणि व्हीईई पिनेवर देते. १० किलोओहमच्या प्रीसेटचे एक टोक ५ व्होल्टला, दुसरे व्हीईईला आणि मधली पिन व्हीओला (मोड्यूलच्या कॉन्ट्रास्टच्या पिनेला) जोडावी लागते. मल्टिमीटरची काळी प्रोब ग्राउंडला आणि लाल प्रोब व्हीईईला लावली की आकड्यापुढे उणे चिन्ह दिसले पाहिजे. ते दिसत असेल तर बारीक पेचकसाने प्रीसेट अगदी सावकाश फिरवावा. आधी काहीच नसते, मग रिकाम्या पडद्यावर बिंदूंच्या फिकट चौकटी वर येतात, आणि जरा पुढे गेले की सगळा पडदा गडद. योग्य जागा या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात असते. भरभर फिरवणाऱ्याच्या हातून ती निसटते.

हा पट्टा तापमानाबरोबर सरकतो. ग्वाल्हेरात जानेवारीच्या रात्री पारा एक आकडी होतो आणि मे-जूनमध्ये ४५ अंशांच्या पुढे जातो. थंडीत द्रवस्फटिकाला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून अक्षरे फिकी पडतात आणि पडदा सुस्तावतो. उन्हाळ्यात तेच व्होल्टेज जास्त ठरते आणि सगळे काळवंडते. साध्या मोड्यूलची कामाची मर्यादा ० ते ५० अंश असते, आणि उन्हातल्या बंद डबीत ५० सहज ओलांडले जातात. प्रस्तुत लेखकाने लष्कर भागातल्या घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा पडदा बसवला, तो जानेवारीत. मे महिन्यात तो रोज दुपारी पूर्ण काळा होऊ लागला. तारा, जॉइंट, पुरवठा, सगळे तपासून झाले. शेवटी काकूंनी सांगितले, ‘‘अरे, तो दुपारी झोपतो आणि दिवेलागणीला आपला आपण उठतो.’’ त्या एका वाक्यात निदान होते : जो बिघाड घड्याळाप्रमाणे येतो-जातो, तो तारेचा नसून उन्हाचा असतो. डबी सावलीत हलवून प्रीसेट थोडा मागे घेतल्यावर पडदा दिवसभर चालू लागला. उघड्यावर बसवायचे असेल, तर −२० ते +७० अंशांचे मोड्यूल घेणे चांगले.

तारांच्या बाबतीत जंपर वायरवर विश्वास ठेवू नये. प्रत्येक तार मल्टिमीटरच्या बीपवर तपासावी. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचा पोर्ट ० (पिनांचा एक गट) वापरला असेल तर पुल-अप रेझिस्टर (पिनेला ५ व्होल्टकडे ओढणारे रोध) लागतातच, कारण त्या पिना स्वतःहून हाय होत नाहीत. एटीमेगा१६ आणि एटीमेगा३२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये जेटॅग (चिप तपासण्याची सोय) मुळातच चालू असतो, त्यामुळे पोर्ट सीच्या पीसी२ ते पीसी५ या चार पिना प्रोग्रॅमचे ऐकत नाहीत. डेटा त्याच पोर्टवर असेल तर पडद्यावर निव्वळ कचरा येतो. जेटॅगचा फ्यूज (चिपमधली कायम राहणारी सेटिंग) बंद केला की तोच प्रोग्रॅम, त्याच तारा, आणि चित्र स्वच्छ.

ओलेडला चारच तारा, त्यामुळे बिघाडही मोजके. काही पाट्यांवर पहिली पिन ग्राउंड असते, काहींवर व्हीसीसी (वीजपुरवठ्याचे धन टोक). उलट जोडले तर मोड्यूल जळू शकते. आय-टू-सी (दोन तारांवरून डेटा पाठवण्याची पद्धत) यात मोड्यूलला दिलेला पत्ता बहुधा ०एक्स३सी, क्वचित ०एक्स३डी. पाटीच्या पाठीवर मात्र ०एक्स७८ छापलेले असते; तो तोच पत्ता एक बिट डावीकडे सरकवून लिहिलेला. तारांवरचे पत्ते शोधणाऱ्या स्कॅनर प्रोग्रॅमला पत्ता सापडतो पण पडदा काळाच, तर चार्ज पंप (पडद्यासाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) चालू करणारी आज्ञा गेली का ते पाहावे. चित्र दोन बिंदू बाजूला सरकले आणि कडेला कचऱ्याची उभी रेघ आली, तर तो एसएसडी१३०६ नसून एसएच११०६ आहे, १.३ इंची पडद्यांत हे नेहमी आढळते. पूर्ण पडद्याच्या बफरला (चित्र आधी मांडून ठेवायच्या जागेला) १०२४ बाइट लागतात आणि अर्दुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर पाटीत रॅम २०४८ बाइटच, म्हणून प्रोग्रॅम वाढत गेला की एके दिवशी पडदा कारण न देता कोरा राहतो. यू८जी२ या डिस्प्लेसाठीच्या लायब्ररीचा (तयार प्रोग्रॅमसंचाचा) पान-पान काढणारा प्रकार १२८ बाइटांत भागवतो. चित्र थोडे हळू उमटते, इतकेच.

मराठी अक्षरे दाखवताना वेगळीच अडचण येते. यू८जी२ मध्ये देवनागरी फाँट आहे, पण ती लायब्ररी अक्षरे एकामागून एक ठेवते, जोडाक्षर घडवत नाही. ‘ग्वाल्हेर’ लिहिले की पाय मोडलेले ग आणि ल सुटे दिसतात, आणि ‘किती’मधली ऱ्हस्व वेलांटी कच्या आधी न येता नंतर येते. इथे तार किंवा फाँट बदलून उपयोग नाही. तो शब्द संगणकावर काढून एक्सबीएम (बिंदूगणिक एक बिट ठेवणाऱ्या) चित्र म्हणून पाठवावा लागतो. त्यात बिटांचा क्रम उलटा पडला, तर आडवे आठ-आठ बिंदूंचे तुकडे आरशात पाहिल्यासारखे उलटे उमटतात आणि शब्द उभा चिरल्यासारखा दिसतो.