ॲफिनिटी आणि ॲव्हिडिटी: एका हाताची पकड, सगळ्या हातांची पकड

वाळक्या गवतातून चालून आलं की पायमोज्यात कुसळं भरतात. एक कुसळ चिमटीत धरून सहज उपटता येतं. पन्नास भरली की मोजाच टाकून द्यावासा वाटतो. एका कुसळाची पकड ही ॲफिनिटी, सगळ्यांची मिळून बसलेली ती ॲव्हिडिटी. अँटीबॉडी, म्हणजे जंतूंना धरणारी आपल्या शरीरातली प्रथिनं, यांच्या पकडीबाबत आपण दोन्हींना ‘बंधनशक्ती’ म्हणून मोकळे होतो आणि तिथेच घोळ होतो.

जंतूंच्या पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांच्या, कवचाबाबत हा घोळ फार महागात पडतो. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूच्या टाइप ३ कवचात ग्लुकोज आणि ग्लुक्युरॉनिक आम्ल आलटूनपालटून येत राहतात, बाकी काही नाही. अँटीबॉडीच्या एका खाचेत या साखळीचे जेमतेम पाच-सहा मणी, म्हणजे साखरेचे घटक, मावतात, आणि ही पकड प्रथिनावरच्या पकडीपेक्षा बहुधा बरीच सैल असते. पण तेच मणी शेकडो वेळा पुन्हा येतात. आयजीजी आणि आयजीएम या अँटीबॉडीच्या दोन जाती: आयजीजीला असे पकडणारे दोन हात, आयजीएमला दहा. एक सुटला तरी बाकीचे धरून असतात आणि सुटलेला शेजारीच पुन्हा बसतो. दहाच्या दहा हात एकदम पोचतीलच असं नाही, पण दोन-तीन लागले तरी पकड दुप्पट-तिप्पट होऊन थांबत नाही, कितीतरी पटींनी वाढते.

अमेरिकी प्रतिकारशास्त्रज्ञ एल्विन कबाट आणि सहकाऱ्यांचा १९७५चा डेक्स्ट्रानवरचा प्रयोग मला यातला सगळ्यात सुंदर वाटतो. डेक्स्ट्रान म्हणजे जंतूंनीच बनवलेली ग्लुकोजची साखळी. उंदरांच्या दोन अँटीबॉडी घेतल्या. पहिली साखळीचं टोक खोबणीत घ्यायची, दुसरी मधल्या भागाला पन्हळीसारखी कवटाळायची. ॲफिनिटी पहिलीची जास्त, साधारण वीसपट. पण बिनफांद्यांच्या सरळ डेक्स्ट्रानचा साका (तळाशी बसणारा गाळ) कुणी पाडला? दुसरीनं! साका पडायला जाळं विणावं लागतं. सरळ साखळीला पहिलीच्या कामाचं टोक एकच, मधल्या जागा मात्र रग्गड.

नुसत्या पॉलिसॅकराइडच्या लशीला टी पेशींची (अँटीबॉडी सुधारायला मदत करणाऱ्या पांढऱ्या पेशींची) मदत मिळत नाही, म्हणून एकेका हाताची पकड फारशी सुधारत नाही. दोन वर्षांखालची मुलं तर तिला धड दादच देत नाहीत. तीच साखर धनुर्वाताच्या टॉक्सॉइडसारख्या (निरुपद्रवी केलेल्या विषासारख्या) प्रथिनाला जोडली की ती मदत मिळते आणि चित्र पालटतं. नवी मुंबईत २०१८ साली मुलांना दिलेली टायफॉइडची लस अशीच जोडलस होती.

लशींच्या अहवालात मात्र ‘ॲव्हिडिटी वाढली’ एवढंच वाचून ‘ॲफिनिटी वाढली’ म्हणू नये. तिथे बहुतेकदा थायोसायनेट या पकड सोडवणाऱ्या रसायनानं धुऊन किती अँटीबॉडी चिकटून राहिल्या ते मोजलेलं असतं, आणि त्या धुण्यात सगळे हात एकत्र लढतात. एकाच हाताचा दम पाहायचा, तर पपेन या प्रथिनं कापणाऱ्या विकरानं (एन्झाइमनं) अँटीबॉडी कापून सुटा हात तपासावा लागतो.