घर बांधताना मार्जिन किती सोडायचं? अर्जाआधी हे तपासा

प्लॉट स्वतःचा असला तरी हद्दीला खेटून भिंत उभी करता येत नाही. चारही बाजूंनी सामासिक अंतर, म्हणजेच मार्जिन, सोडावं लागतं. मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी. राज्यातल्या बहुतेक शहरांत डिसेंबर 2020 पासून यूडीसीपीआर ही एकत्रित नियमावली लागू आहे.

अंतर ठरतं ते समोरच्या रस्त्याची रुंदी, प्लॉटचं क्षेत्र, इमारतीची उंची आणि वापर यांवरून. दाट वस्तीच्या गावठाण भागात ते कमी असतं. 15 मीटरपेक्षा उंच इमारतीला बाजूला आणि मागे साधारण उंचीचा पाचवा हिस्सा सोडायचा. हिशेबात धरायची उंची 20 मीटर, तर अंतर 4 मीटर.

खरी गफलत होते समोरच्या मार्जिनमध्ये. रस्ता आज 6 मीटरचा दिसतो, पण विकास आराखड्यात तो 9 मीटरचा असू शकतो. दोन्हीकडे सारखं रुंदीकरण धरलं तर तुमचा दीड मीटर रस्त्यात जातो आणि मार्जिन त्याच्या पुढून मोजलं जातं. म्हणून नकाशा काढायच्या आधीच झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी राखली आहे ते सांगणारा) आणि आराखड्याचा भाग नकाशा, म्हणजे तुमच्या जागेपुरता उतारा, काढून घ्या. भूमी अभिलेखची मोजणीही करून घ्या; जुन्या कुंपणावर विसंबू नका.

अर्ज जागेचा मालक किंवा कुलमुखत्यारपत्र असलेली व्यक्ती करू शकते, पण नकाशे परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फतच ऑनलाइन जातात. सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा, खरेदीखत, मंजूर लेआउट किंवा बिनशेतीचा आदेश आणि कर भरल्याची पावती लागते. सहहिस्सेदार असतील तर त्यांची संमती आधीच घ्या, फाइल बहुधा तिथेच अडकते.

150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीची प्रक्रिया बरीच सोपी केली आहे. मार्जिन मात्र तिथेही सुटत नाही! अरुंद प्लॉटची खरी अडचण असेल तर आयुक्तांकडे सवलत मागता येते. त्यासाठी अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरावं लागू शकतं.

60 दिवसांत निर्णय कळला नाही तर कायद्याने परवानगी मिळाल्याचं मानलं जातं, पण नकाशा नियमांत चोख बसत असेल तरच. नकार आला तर 40 दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. मंजुरीनंतर जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी करून घ्या. अंतर कमी भरलं तर दुरुस्ती तिथेच स्वस्तात होते.