जैविक कार्बन पंप
समुद्राच्या वरच्या पाण्यातला कार्बन सजीवांच्या मार्फत खोल पाण्यात जाऊन साठतो, त्याला जैविक कार्बन पंप म्हणतात. फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पती-प्लवक, दरवर्षी साधारण 50 अब्ज टन कार्बन वापरून वाढतात, जमिनीवरची सगळी झाडंझुडपं मिळून जेवढा घेतात जवळपास तेवढाच, पण त्यातला बहुतेक वरच खाल्ला जातो आणि श्वसनातून पुन्हा पाण्यात मिसळतो. त्यामुळे किती उगवलं यापेक्षा ते किती खोल जाऊन कुजलं हे जास्त महत्त्वाचं.

खाली जातं काय, तर मेलेले डायटम (सिलिकाचं कवच असलेले फायटोप्लँक्टन), कोपेपॉडची (प्लवक खाणाऱ्या बारीक प्राण्यांची) विष्ठा आणि चिकट स्राव, हे एकमेकांना धरून पुंजके होतात, त्यांना मरीन स्नो म्हणतात. सुटी पेशी वरच तरंगत राहते, विष्ठेची घट्ट गोळी मात्र दिवसाला शंभर मीटरहून जास्तही बुडू शकते, आणि वाटेत बॅक्टेरिया तिला खातच असतात. शे-दोनशे मीटरवर कुजलं तर हिवाळ्यात पाणी ढवळलं की कार्बन परत वर, पण हजार मीटरच्या खाली गेलं की शेकडो वर्षं तिथेच, कारण ते पाणीच वर यायला तेवढा वेळ घेतं. तळाच्या गाळात अगदी थोडा पोचतो. खरा साठा पाण्यात विरघळलेलाच असतो, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

आपल्या अरबी समुद्रात हे छान मोजलं गेलंय. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी 1986 पासून खोल पाण्यात सेडिमेंट ट्रॅप, म्हणजे वरून पडणारे कण गोळा करणारी नरसाळी, लावून ठेवली, आणि कणांचा पाऊस मान्सूनमध्ये वाढतो हे दिसलं, कारण नैऋत्य वाऱ्याने सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि प्लवक माजतात. हेच सगळं खाली कुजताना ऑक्सिजन संपवतं, म्हणून इथे साधारण 150 ते 1000 मीटरच्या पट्ट्यात तो जवळपास नसतोच.

मग नुसतं प्लवक वाढवून पंप जोरात चालेल का? 2009 मध्ये भारत-जर्मनीच्या लोहाफेक्स मोहिमेत दक्षिण महासागरात सुमारे 300 चौ. किमी भागात प्लवकांना खत म्हणून लोह टाकलं, प्लवक वाढले, पण पाण्यात सिलिका कमी म्हणून डायटम फोफावले नाहीत, बाकीचे कोपेपॉडनी फस्त केले आणि खोल पाण्यात फारच थोडा कार्बन गेला.